आधी मीटर, मग आयर्न : जुन्या गेम कन्सोलविषयी वाचकांचे प्रश्न

चवथीआधीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली उतरलेल्या जुन्या गेम कन्सोलांबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. ज्यांची उत्तरं इतरांच्याही उपयोगी पडतील, अशी सहा पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : मामानं कुवेतहून आणलेला सेगा मेगा ड्राइव्ह, पहिलं मॉडेल, अजून चालतो. पण गेम संथ वाटतात आणि पडद्यावर वर-खाली काळे पट्टे दिसतात. 50/60 हर्ट्झचा स्विच बसवायचा आहे. एका ओळखीच्या मेकॅनिकनं चिपचा पाय उचलावा लागेल असं सांगितलं. ते खरं का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : पाय उचलून काम होतं, पण या बोर्डावर त्याची गरज नाही. तुमचा कन्सोल पाल पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला 50 चित्रं देणारा. 60 साठी लिहिलेले गेम त्यावर साधारण 17 टक्के संथ चालतात. पट्ट्यांचं कारणही तेच. 60 हर्ट्झला एका चित्रात 262 रेघा असतात, 50 ला 313. गेमनं रंगवलेल्या रेघा मात्र बहुधा 224 च असतात, म्हणून उरलेली जागा काळी राहते.

50 की 60 हे व्हीडीपी, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या चिपच्या (315-5313) 46 क्रमांकाच्या पायावर ठरतं : 5 व्होल्ट मिळाले की 60, ग्राउंड मिळालं की 50. चिपला 64 पाय आहेत आणि ते नेहमीच्या चिपपेक्षा दाट आहेत. त्यातला एक उचलताना मोडला तर चिपच्या पोटातून तो पुन्हा बाहेर काढता येत नाही. सुदैवानं हाच पाय बोर्डावरच्या जेपी 3 आणि जेपी 4 या जंपरांपर्यंत आणलेला आहे. (जेपी 1 आणि जेपी 2 ही जोडी भाषेची, म्हणजे जपानी की इंग्रजी.) प्रत्येक जोडीतला एक जंपर बंद असतो, तारेनं किंवा तांब्याच्या बारीक पट्टीनं, आणि दुसरा उघडा.

लागणारं सामान : तीन पायांचा ऑन-ऑन टॉगल स्विच, 30 गेजची एकेरी तार, 63/37 चं 0.6 किंवा 0.8 मिलिमीटरचं रोझिनवालं सोल्डर, फ्लक्स, सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी आणि मल्टिमीटर. सोल्डरिंग आयर्न तापमान ठरवता येणारं असेल तर 330 ते 350 अंशांवर ठेवा. साधं 25 व्हॅटचं आयर्नही चालेल, पण तीन पिनांचंच घ्या. दोन पिनांच्या स्वस्त आयर्नच्या टोकावर गळतीची वीज येते. पावसाळ्याच्या ओल्या हवेत स्थिर विजेची भीती कमी होते, या गळतीची होत नाही.

आधी जेपी 3 आणि जेपी 4 पैकी बंद असलेला जंपर तोडा. तार असली तर डिसोल्डर करून काढा. पट्टी असली तर धारदार ब्लेडनं मिलिमीटरभर अंतरावर दोन चिरा द्या आणि मधला तुकडा उचला. एकाच चिरेत तांब्याचा केस मागे राहतो. मग मीटर बीपवर (एकमेकांना जोडलेल्या दोन जागांना टेकवला की तो वाजतो) ठेवून जेपी 3 आणि जेपी 4 ची भोकं तपासा. दोन्हींतली जी भोकं एकमेकांशी वाजतात, ती सामाईक बाजू. तिथली तार स्विचच्या मधल्या पायाला. उरलेल्या दोन भोकांपैकी एक 7805 रेग्युलेटरच्या (5 व्होल्ट स्थिर देणारा तीन पायांचा पार्ट) मधल्या पायाशी वाजेल, ते ग्राउंड. दुसरं त्याच्या तिसऱ्या, म्हणजे 5 व्होल्टच्या पायाशी वाजेल. या दोन तारा स्विचच्या कडेच्या पायांना. चित्रं पाहून तारा जोडण्यापेक्षा असं मोजून जोडणं भरवशाचं, कारण मेगा ड्राइव्हच्या बोर्डाच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या आणि जंपरांची जागा बदलत गेली.

जेपी 3 आणि जेपी 4 एकाच वेळी कधीही बंद करू नका. तसं केलं की 5 व्होल्ट थेट ग्राउंडला जातात. काम संपल्यावर, वीज देण्याआधी, 7805 च्या मधल्या आणि तिसऱ्या पायावर मीटर लावा आणि स्विच दोन्हीकडे फिरवून पाहा. बीप वाजता कामा नये.

टॉगलसाठी मागच्या बाजूला 6 मिलिमीटरचं भोक पाडावं लागतं. पाडण्याआधी आतला लोखंडी पत्रा जागेवर ठेवून पाहा. बरेच जण हे विसरतात आणि झाकण लावताना स्विचचे पाय पत्र्याला टेकतात.

आता महत्त्वाची गोष्ट. पिवळ्या पिनेच्या केबलवर 60 हर्ट्झला चित्र कृष्णधवल होईल. सोल्डरिंग चुकलं असं समजून पुन्हा आयर्न लावू नका. पाल कन्सोलचं मुख्य घड्याळ 53.203 मेगाहर्ट्झचं. 50 ला चिप त्याला 12 नं भागते आणि 4.4336 मेगाहर्ट्झची, म्हणजे पालची नेमकी रंगलहर बनते. 60 ला ती 15 नं भागते, त्यातून 3.547 येतात, आणि ते ना पालच्या उपयोगाचे ना एनटीएससीच्या (60 हर्ट्झची टीव्ही पद्धत), कारण एनटीएससीला 3.5795 लागतात. उपाय एकच सोपा : मागच्या आठ पिनांच्या सॉकेटमधून आरजीबी घ्या. तिथे लाल, हिरवा, निळा स्वतंत्र येतात, रंगलहरीचा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडच्या टीव्हीला आरजीबीचं स्कार्ट सॉकेट नसतं, तेव्हा स्कार्ट ते एचडीएमआय कन्व्हर्टर हिशेबात धरा. तो खर्च करायचा नसेल तर आमचं स्पष्ट मत : हा स्विच बसवू नका.

प्रश्न : तारवटी (जहाजावर नोकरीला) असलेल्या थोरल्या भावानं जपानहून सुपर फॅमिकॉम आणला. अडॅप्टर तिकडचाच आहे. पिन बदलून लावला तर चालेल का? – एक वाचक, वास्को

उत्तर : नाही. तो 100 व्होल्टचा आहे. आपल्या 230 वर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळेल. 9 व्होल्ट डीसी, किमान 1 अँपियर, मधली पिन निगेटिव्ह असा रेग्युलेटेड अडॅप्टर घ्या. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरची मधली पिन पॉझिटिव्ह असते, म्हणून लावण्याआधी मीटरनं तपासा. हाताशी आहे म्हणून 12 व्होल्टचा लावू नका. आतला 7805 जास्तीचा व्होल्टेज उष्णतेत घालवतो : 1 अँपियरला 9 व्होल्टवर 4 व्हॅट, 12 वर 7 व्हॅट. घरात जुन्या एनईएसचा अडॅप्टर असेल तर तो वेगळा बांधून ठेवा. त्यातून 9 व्होल्ट एसी येतात आणि तो इथे लावला तर कन्सोल जातो.

प्रश्न : दुबईहून आलेला पहिला एक्सबॉक्स दहा वर्षं कपाटात होता. हल्ली प्लग लावताच तो आपोआप चालू होतो. घड्याळाचा कॅपॅसिटर काढा असा सल्ला मिळाला. तो काढला तर कन्सोल बंद पडणार नाही ना? – एक वाचक, फोंडा

उत्तर : पडणार नाही. वीज काढल्यावर थोडा वेळ घड्याळ चालू ठेवणं एवढंच त्या कॅपॅसिटरचं काम. तो काढल्यावर प्लग उपसला की तारीख-वेळ पुन्हा लावावी लागेल, बाकी सगळं तसंच चालेल. 1.0 ते 1.5 या आवृत्त्यांत हा कॅपॅसिटर पाझरतो, कन्सोल वापरात असो वा नसो. पाझरलेलं द्रव तांब्याच्या बारीक रेघा खात जातं. पॉवर आणि इजेक्ट बटणांच्या रेघा खाल्ल्या गेल्या की कन्सोल आपोआप चालू होतो, नाहीतर ट्रे आपोआप उघडतो. तुमचं लक्षण त्यातलंच दिसतं. शेवटच्या 1.6 आवृत्तीत वेगळ्या जातीचा कॅपॅसिटर आहे. त्याला हात लावू नका.

उघडण्याआधी प्लग काढून किमान अर्धा तास थांबा. या कन्सोलचा वीजपुरवठा आतच असतो, झाकणाशिवाय. त्याच्या मोठ्या कॅपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर भार असतो, म्हणून वीजपुरवठ्याच्या बोर्डाच्या खालच्या बाजूला बोट नको.

घड्याळाचा कॅपॅसिटर जाड नाण्यासारखा, बॅटरी वाटावी असा असतो. त्याच्या पायांवर आधी थोडं ताजं सोल्डर चढवा, मग दोन्ही पाय आलटून पालटून तापवत अलगद हलवा. ओढून काढू नका. भोकातली तांब्याची नळी पायाबरोबर बाहेर येते. खालची जागा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशनं घासा. काळी किंवा हिरवट पडलेली प्रत्येक रेघ मीटरनं या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. नुसत्या डोळ्यांना अखंड दिसणारी रेघही आतून तुटलेली असते. तुटली असेल तर तिच्या दोन्ही टोकांच्या जवळच्या भोकांमध्ये 30 गेजची तार टाका. कुजलेल्या तांब्यावर सोल्डर चिकटत नाही, तिथे धडपडू नका.

प्रश्न : घर समुद्राला लागून आहे. बोर्डावर पांढरी-हिरवी पूड होती. आयपीएनं स्वच्छ करून आरजीबीच्या तारा सोल्डर केल्या. आठ दिवस छान चाललं, मग चित्र लुकलुकायला लागलं. तारा पक्क्या आहेत. चूक कुठे झाली? – एक वाचिका, काणकोण

उत्तर : चूक साफसफाईत. किनाऱ्यावरच्या हवेतून बोर्डावर मीठ बसतं, आणि आयपीएमध्ये मीठ जवळजवळ विरघळत नाही. आयपीएनं तेल, जुना फ्लक्स आणि धूळ निघते. मीठ फक्त इकडचं तिकडे पसरतं. बोर्ड कोरडा असेपर्यंत काही जाणवत नाही. दमट दिवस आला की मीठ हवेतलं पाणी ओढतं, चिपच्या दोन पायांमध्ये वीज वाहू देणारा ओलसर थर तयार होतो, आणि चित्र लुकलुकतं. दिवसा बरं चालून रात्री बिघडत असेल तर हेच कारण पक्कं समजा.

म्हणून आधी पाणी, मग आयपीए. बोर्ड पूर्ण सुटा करा. कार्ट्रिजमध्ये किंवा बोर्डावर बॅटरी असेल तर ती आधी काढा. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रशनं दोनदा धुवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिमिनरलाइज्ड पाणीही चालतं. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको, त्यातले क्षार मागे राहतात. मग 99 टक्क्यांचा आयपीए वरून ओता, म्हणजे चिपखाली अडकलेलं पाणी त्यात मिसळून बाहेर पडेल. आयपीएची बाटली उघडी ठेवू नका. आपल्या हवेत तो स्वतःच पाणी ओढतो.

वाळवण्याची घाई सगळ्यात जास्त नडते. पावसात ऊन नसतं, आणि तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, उलट पीठ आत जातं. पुठ्ठ्याच्या खोक्यात बोर्ड उभा ठेवा, वर वाफ जायला भोकं पाडा आणि जुन्या फिलामेंटचा 40 व्हॅटचा दिवा वीतभर अंतरावर लावा. एलईडी दिव्याला पुरेशी ऊब नसते. हात लावला तर कोमट लागेल इतपतच गरम, आणि पूर्ण 24 तास. दिवा लावून घराबाहेर मात्र जाऊ नका.

कार्ट्रिजचं सॉकेट विसरू नका. मीठ तिथे सगळ्यात जास्त साचतं. आणि तारा सोल्डर केल्यावर उरलेला फ्लक्सही धुऊन काढा. नळ जोडताना प्लंबर वापरतात ती ॲसिड पेस्ट वापरली असेल तर लुकलुकण्याचं तेही एक कारण. ती बोर्डावर कधीच नको.

प्रश्न : डिसोल्डर करताना तांब्याची गोल चकती उपटून आली. बोर्ड फुकट गेला का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही. चकतीपासून निघणारी रेघ शोधा, तिच्यावरचं हिरवं आवरण तीन-चार मिलिमीटर खरवडा, फ्लक्स लावा, सोल्डर चढवा आणि तिथून पार्टच्या पायापर्यंत बारीक तार टाका. वरून दोन भागांच्या एपॉक्सीचा ठिपका. चकती उपटते ती बहुतेक वेळा ग्राउंडच्या जागी. तिथे तांब्याचा मोठा पसारा उष्णता ओढून घेतो, सोल्डर वितळत नाही, आणि आपण तापमान वाढवून दाबत राहतो. दाबण्याऐवजी रुंद टोक लावा, ताजं सोल्डर घाला आणि एका वेळी तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकू नका. 2006 नंतरच्या बोर्डांवर बहुधा शिसं नसलेलं सोल्डर असतं. ते 183 ऐवजी 217 अंशांच्या पुढे वितळतं, तेव्हा तिथे शिशाचं सोल्डर मिसळून घेतलं की काम सोपं होतं.

प्रश्न : कार्ट्रिजमधला सेव्ह गेम पुसू न देता बॅटरी बदलता येते का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : येते, जुनी बॅटरी अजून जिवंत असेल तर. तिच्यावर छापलेला आकडा वाचून तीच मागवा, सीआर2032 असेल तर सीआर2032, पण पत्र्याचे पाय आधीच जोडलेली. साध्या बॅटरीवर थेट सोल्डर करू नका; लिथियमचा सेल तापून फुटतो. दोन नवे एए सेल एकामागे एक जोडून सुमारे 3 व्होल्ट मिळवा, आणि बॅटरी जागेवर असतानाच त्यांच्या तारा बोर्डावर त्याच प्लस-मायनसच्या रेघांवर दुसऱ्या ठिकाणी सोल्डर करा. मग जुनी काढा, नवी बसवा, मीटरवर 3 व्होल्ट दिसले की शेवटी एएच्या तारा काढा. दोन्ही वेळी मायनस आधी कुठे आहे ते बोर्डावर पेननं लिहून ठेवा. उलटी बसलेली बॅटरी सेव्ह गेम तर पुसतेच, मेमरी चिपलाही धोका होतो. जुन्या बॅटरीवर 2.5 व्होल्टपेक्षा कमी दिसत असतील तर काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.