राहायच्या जुन्या ट्रेलरच्या छताला नुसतं वरून सिलिकॉन मारलं तर गळती थांबेल का?

नाही, आणि सिलिकॉन तर मुळीच लावू नका. एकदा ते बसलं की त्यावर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, मग ते खरवडून काढण्यातच दिवस जातो.

आधी छतावर गुडघ्याखाली फळी टाकून फिरा आणि व्हेंट (हवेचा झरोका), स्कायलाइट (छतातली खिडकी), कडेच्या पट्ट्या यांच्याभोवती अंगठ्याने दाबून बघा. जिथे स्पंजासारखं दबतं तिथे खालचं प्लायवूड कुजलंय. ते कापून बदलल्याशिवाय आणि आतला भाग पूर्ण वाळल्याशिवाय वरून काहीही लावू नका, ओल आत कोंडते आणि कूज वाढतच जाते. ही घाई फार महागात पडते, म्हणून कळकळीने सांगतोय.

व्हेंटचे स्क्रू काढून, जुनं सीलंट खरवडून, कडेखाली नवी ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घाला. स्क्रूच्या डोक्यांवर आणि कडेवर आपोआप पसरणारं लॅप सीलंट (छताचे सांधे बुजवायचं घट्ट द्रव) ओता. उभ्या बाजूला मात्र न ओघळणारंच सीलंट हवं. छत ईपीडीएम रबराचं (एक प्रकारचं कृत्रिम रबर) असेल तर पेट्रोलजन्य सॉल्व्हंटने पुसू नका, रबर फुगतं. नंतर दर सहा महिन्यांनी सांधे तपासा.