आधी जागा शोध

प्रिय पोरी,

दोन्ही रेकॉर्डिंगं ऐकली. कॉलेज सोडावं का, यावर मी बोलणार नाही. रात्री अडीचपर्यंत जागून तबल्याचे सात टेक घेणारी मुलगी कुणाच्या सांगण्यानं थांबत नसते. पण ‘कोणता माइक घेऊ?’ हे वाचून चिडलो. आहे तो ठेवलास कुठे?

मी पंधरा वर्षांचा असताना मामानं मस्कतहून कॅसेट रेकॉर्डर आणला. पहिल्याच गुरुवारी तो भजनाला नेला आणि पखवाजाशेजारी ठेवला. घरी ऐकलं, तर नुसती झांज. बुवा विहिरीतून गातायत. पुढचे तीन गुरुवार मी तो घेऊन देऊळभर हिंडलो. अखेर बुवांच्या समोरच्या कोनाड्यात ठेवला आणि अभंगाआधी त्यांनी घेतलेला श्वाससुद्धा टेपवर आला. तिथेच अडकलो, तो आजतागायत.

म्हणून सांगतो, आधी जागा. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जान रेकॉर्डसाठी गायली ती कर्ण्यात. तेव्हा रेकॉर्डिंगला माइक नव्हता, फेडर नव्हता. आवाज कमी-जास्त करायचा तर माणसानंच मागे-पुढे सरकायचं. तुझा माइक बहिणीच्या ओठांपासून चार बोटांवर आहे, म्हणून खर्ज फुगून ती घागरीत गातेय असं वाटतं. वीतभर मागे घे. तबल्याला एका कानात बोट घाल, दुसरा कान तबल्याभोवती फिरव. काठावरची चाट आणि डाव्या बायाची घुमक जिथे सारखी भेटेल, तिथे माइक. ‘नंतर सॉफ्टवेअरमध्ये बघू’ हे माझ्यासमोर म्हणू नकोस.

मी म्हणालो होतो एकदा. एका म्हाताऱ्या गायिकेला घाईत खिडकीपाशी बसवलं. आलापात दर दोन मिनिटांनी रिक्षा. पुन्हा बैठक ठरली होती, त्याआधीच बाई गेल्या. त्या रिक्षा मी आजही काढू शकलेलो नाही.

त्यानंतर माइक लावायला तासभर घेतो म्हणून माझी कामं गेली, एका स्टुडिओनं तर बोलावणंच बंद केलं. हेकट म्हणतात. म्हणोत. त्यांच्या घाईत केलेल्या टेप कोण ऐकतंय आता? (बायकोचं मत वेगळं आहे, घरखर्च ती चालवत होती.)

शनिवारी नवा टेक पाठव. पंखा बंद. आणि सोबत कागदावर खोली काढ: दार कुठे, बहीण कुठे, माइक कुठे.

तुझा,
काका