तीन स्कूप कशाला?

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, वजन ६० किलो. जिमच्या ट्रेनरने सांगितलं म्हणून रोज तीन स्कूप व्हे प्रोटीन (दुधापासूनची प्रथिनांची पावडर) घेतो. किडनी बिघडेल का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, धडधाकट किडनी एवढ्याने सहसा बिघडत नाही, आधीच दुखणं असेल तर मात्र धोका. एकदा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कळणारी रक्ततपासणी, करून घ्या. एरवी किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे त्याला ५० ग्रॅम प्रथिनं पुरतात. व्यायामामुळे थोडी जास्त धरा. एका स्कूपमध्येच साधारण २४ ग्रॅम असतात, एक पुरे. माझ्या भाच्याचं पोट महिनाभर फुगायचं. आम्ही मिसळीला बोल लावत होतो, निघालं व्हेमधलं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर! बिनलेबलचा सुटा माल नकोच. आणि तो घरी मटकीची उसळ, अंडी खातो की नाही, ते लिहिलंच नाहीत तुम्ही.