मीटिऑरॉलॉजी की मेट्रॉलॉजी?

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळी आहे. मुलगी बारावी सायन्सला. मागच्या थंडीत बागेवर चरका पडला, तेव्हापासून ती हवामानशास्त्रच शिकणार म्हणते. पाहुणे म्हणाले, पॉलिटेक्निकला मेकॅनिकलमध्ये मेट्रॉलॉजी असते, तेच ते, डिप्लोमाला घाला. बागेतला थर्मामीटर ७ अंश दाखवायचा आणि महसूल मंडळातलं हवामान केंद्र ९, हे तिनं वहीत रोज लिहून ठेवलंय. काय करावं?

उत्तर : भाऊ, डिप्लोमाचा फॉर्म आधी थांबवा. पाहुण्यांचा हेतू चांगला आहे, पण ही दोन शास्त्रं वेगळी आहेत.

मीटिऑरॉलॉजी म्हणजे हवामानशास्त्र. मेट्रॉलॉजी म्हणजे मापनशास्त्र : वजन, लांबी, तापमान अचूक मोजायचं कसं आणि मोजणारं यंत्र खरं बोलतंय का, हे तपासायचं शास्त्र. कापसाच्या काट्यावर शिक्का मारतात ते वैधमापनशास्त्राचे निरीक्षक याच शाखेतले. योगायोग असा की १८७५ सालीच आपला हवामान विभाग सुरू झाला आणि त्याच वर्षी पॅरिसला मीटरचा आंतरराष्ट्रीय करार झाला.

मला खरं मोल वाटलं ते तुमच्या लेकीच्या वहीचं. ७ आणि ९ मधल्या फरकात दोन्ही शास्त्रं आहेत. वारा पडलेल्या, निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन सखल शेतात साचते. तुमची बाग खोलगट भागात असेल, तर तिथं खरोखरच जास्त गारठा असू शकतो. हे झालं हवामानशास्त्र. पण थर्मामीटर उघड्यावर टांगला असेल, तर तो स्वतःच आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षा कमी आकडा दाखवतो. केंद्रातला मात्र आडोशाच्या पेटीत असतो. शिवाय तुमचा कधी प्रमाणित थर्मामीटरशी ताडून पाहिलाय का? हे मापनशास्त्र. फळपीक विम्याची भरपाई केंद्राच्या आकड्यावर ठरते, म्हणजे हा दोन अंशांचा हिशेब थेट तुमच्या घरात येतो.

वाटा थोडक्यात सांगतो. हवामानाकडे जायचं तर भौतिकशास्त्र-गणित घेऊन बीएस्सी, मग पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राची एमएस्सी. हवामान विभागाच्या सायंटिफिक असिस्टंट भरतीत बारावीचं भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही मागितलं होतं, म्हणून गणित सोडू देऊ नका. मापनाकडे जायचं तर डिप्लोमा चालतो. कारखान्यांचे गुणवत्ता विभाग आणि कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मोजायची यंत्रं प्रमाणाशी ताडून पाहणाऱ्या प्रयोगशाळा यांत ती माणसं लागतात. वैधमापनच्या निरीक्षकपदाला भौतिकशास्त्र घेतलेली विज्ञान पदवीही चालते, त्यामुळे बीएस्सी केली तरी ही वाट बंद होत नाही.

एक करा. दुसरा थर्मामीटर आणा आणि दोन्ही बागेत एकाच आडोशाला, एकाच उंचीवर आठवडाभर शेजारी टांगा. आकडे तिलाच लिहू द्या. मग विचारा, तिला जास्त काय छळतं : आपल्याच शेतात गारठा का साचतो, की दोघांतला खरा कोणता? तिचं उत्तर मला कळवा, पुढचं कॉलेज आपण त्यावरून ठरवू.