सगळ्यांना तेच तेच दिसतंय? आधी तो भाषेचा कप्पा काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मित्रांनी मिळून गाणी, नाटकं, सिनेमे सुचवणारी एक साइट काढलीय, माणूस आल्या आल्या एक भाषा आणि चार आवडी निवडतो, मग साइट त्याला सुचवते, दोन-तीनशे लोक वापरतायत, पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांची तक्रार आहे की आमच्या आवडीचं काही येतच नाही, सगळ्यांना तेच तेच दिसतं. तर सुधारायचं कसं, आणि रेटिंगला तारे ठेवायचे की अंगठा.

मी बेळगावात अनगोळला राहतो आणि काम डेटाचंच करतो, त्यामुळे वापरणारा म्हणूनही सांगतो आणि आतलं थोडंफार कळतं म्हणूनही. माझ्या मते तुमचं निम्मं काम पहिल्याच स्क्रीनवर बिघडतंय, जिथं तुम्ही 'तुमची भाषा निवडा' असं विचारून एकच पर्याय निवडायला लावता. पुण्याच्या माणसाला त्यात काही अडचण नाही. आमच्याकडं एका भाषेवर बोट ठेवलं की माणसाची अर्धी आवड तिथंच कापली जाते, आणि त्यानंतर आत कितीही भारी गणित लावा, कापलेलं परत येत नाही.

आमच्या घरातलंच सांगतो. आई सकाळी स्वयंपाक करताना भीमसेन जोशींचे अभंग लावते, आणि ते संपले की त्यांचीच दासवाणी, पुरंदरदासांची कन्नड पदं. आईला कन्नड वाचता येत नाही, बोलणंही कामापुरतंच, पण ती पदं तिला पाठ आहेत कारण शेजारच्या काकूंबरोबर भजनाला बसून बसून तोंडात बसलीत. तिच्या दृष्टीनं हे सगळं एकच आहे, एकच आवाज, एकच भक्ती, सकाळची तीच वेळ. आता ती जे ॲप वापरते त्यात सुरुवातीला मराठी निवडलंय, तर अभंगानंतर ते तिला काय देतं, गणपतीची डीजेवाली गाणी आणि मालिकांची शीर्षकगीतं, कारण मराठीत जास्त चालतं ते हेच. मग मी कन्नड करून दिलं तर नव्या सिनेमातली मारामारीची गाणी सुरू. आई म्हणते, "हे काय दाखवूलालंय रे ह्यात, मी हे कधी मागितलंय?" तिचं बरोबरच आहे, तिनं मराठीही मागितलं नव्हतं आणि कन्नडही मागितलं नव्हतं, तिला भीमसेन पाहिजे होते.

आणि हे काही एका घरापुरतं नाही, इकडचं संगीतच तसं आहे. भीमसेनजी गदगकडचे, कुमार गंधर्व आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, 1924 चा जन्म, घरची भाषा कन्नड, आणि गायले काय काय, कबीराची निर्गुणी भजनं, माळव्याची लोकगीतं, मराठी नाट्यगीतं. भाषेच्या कप्प्यात घालायला गेलात तर हा एक माणूस तीन ठिकाणी फाटतो, अर्धा हिंदीत, थोडा मराठीत, उरलेला 'शास्त्रीय' नावाच्या डब्यात, आणि ह्या तिघांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे तुमच्या साइटला कधी कळतच नाही. मराठी संगीत नाटक ज्यांनी 1880 मध्ये उभं केलं ते अण्णासाहेब किर्लोस्करसुद्धा बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. गोकाककडं श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य बघायला रात्रभर बसणारी मराठी माणसं आहेत आणि मराठी नाटकाचं तिकीट काढणारी कन्नड घरं आहेत. अशा भागात आवड भाषेप्रमाणं जात नाही, ती गायकाप्रमाणं, प्रकाराप्रमाणं, वेळेप्रमाणं आणि शेजाऱ्याप्रमाणं जाते.

म्हणून पहिला बदल, भाषा विचारायचीच असेल तर 'कुठल्या भाषा चालतील' असं विचारा, पाहिजे तेवढ्या निवडू द्या, पहिली-दुसरी असा क्रम लावायला सांगू नका. आणि ही माहिती फक्त अजिबात न कळणारी भाषा बाजूला ठेवायला वापरा, आवड ठरवायला नको. त्याऐवजी दहा-बारा गायक, नट, नाटकमंडळींची नावं समोर ठेवा आणि त्यातली कुठलीही निवडायला सांगा. कन्नड नट-गायक राजकुमारांची गाणी आणि मराठी नाट्यगीतं दोन्ही ज्यानं निवडली त्याच्याबद्दल तुम्हाला एका क्लिकमध्ये जेवढं कळतं तेवढं भाषेच्या रकान्यातून वर्षभरात कळणार नाही.

आता 'सगळ्यांना तेच तेच' ह्याचं कारण. तुम्ही बहुतेक 'ज्यांनी हे ऐकलं त्यांनी तेही ऐकलं' ही मोजणी सरळ करताय. समजा तुमचे 250 लोक आहेत आणि एक हिट गाणं त्यातले 200 ऐकतात. एखादं जुनं नाट्यपद ऐकणारे 10 आहेत, त्यातले 8 ते हिट गाणंही ऐकतात. साइटला वाटतं व्वा, 80 टक्के, लगेच सुचवा. अहो पण 250 पैकी 200 म्हणजेही 80 टक्केच की, म्हणजे नाट्यपद ऐकल्यानं त्या माणसाबद्दल काहीच नवीन कळलं नाही. उलट मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेली वचनं, म्हणजे शरणांची कन्नड भक्तिपदं, ऐकणारे सगळे मिळून 15 आहेत, म्हणजे 6 टक्के, आणि नाट्यपदवाल्या 10 मधले 5 ती ऐकतात, म्हणजे 50 टक्के, आठपटीच्या वर. खरी खूण ही आहे. सरळ मोजलं तर 8 मोठे आणि 5 लहान म्हणून हिट गाणं वर बसतं. त्यामुळे दरवेळी एकूण लोकप्रियतेनं भागा, ह्याला लिफ्ट म्हणतात, चार ओळींचा कोड आहे. फक्त एक सांभाळा, दोन-तीन माणसांवरून निष्कर्ष काढू नका, योगायोगानंही तसं होतं, किमान चार-पाच जण असल्याशिवाय ती जोडी धरूच नका.

ह्यानंतरचं जे आहे ते सीमाभागातल्या लोकांना सगळ्यात जास्त नडतं असं मला वाटतं, म्हणून जरा लांबवतो. समजा एक माणूस दहातली सहा गाणी मराठी ऐकतो आणि चार कन्नड. साइट प्रत्येक गाण्याला मार्क देते आणि वरची दहा दाखवते. मराठीचं पारडं जरा जड म्हणून मराठी गाण्यांना प्रत्येकी थोडे थोडे जास्त मार्क पडतात, आणि वरची दहा काढली की दहाही मराठी येतात, कन्नड चारच्या जागी शून्य. आता समोर मराठीच दिसतंय म्हटल्यावर तो मराठीच दाबणार, साइट म्हणणार बघा ह्याला मराठीच आवडतं, पुढच्या महिन्यात सहाचे आठ झाले, मग दहा. माणूस बदललेला नसतो, त्याच्यासमोर ठेवलेलं ताट बदललेलं असतं. नेटफ्लिक्समध्ये काम करणाऱ्या हाराल्ड स्टेक यांनी 2018 मध्ये नेमका ह्यावर पेपर लिहिलाय, त्यात उदाहरण सिनेमाच्या प्रकारांचं आहे, 70 टक्के प्रेमकथा आणि 30 टक्के मारधाड बघणाऱ्याच्या यादीतही साधारण तेच प्रमाण यायला पाहिजे, नुसतं मार्कांवर सोडलं तर कमी असलेली आवड यादीतून गायब होते. उपाय असा की यादी करताना एकेक गाणं घेत जायचं आणि दरवेळी बघायचं की आत्तापर्यंतच्या यादीतलं प्रमाण त्या माणसाच्या ऐकण्याच्या प्रमाणापासून किती लांब गेलंय, लांब गेलं असेल तर पुढचं गाणं थोडे कमी मार्क असले तरी मागं पडलेल्या बाजूचं घ्यायचं. तुम्ही हे भाषेला लावा, प्रकाराला लावा, जुनं-नवं ह्यालाही लावा. माझ्या हातात असतं तर दुसरं काही करायच्या आधी हे केलं असतं.

आणि दहातली एक-दोन जागा पूर्ण अनोळखी गोष्टीला ठेवा. ती चालली नाही तरी तुम्हाला माहिती मिळते.

लोक कमी आहेत म्हणून गणित नीट चालत नाही असं तुम्ही लिहिलंय, ते खरं आहे, दोन-तीनशे लोकांत सारखी आवड असलेला दुसरा माणूस सापडणं अवघड, आणि आमच्यासारख्या दोन भाषांत पाय असलेल्यांना तर फारच अवघड. तिथं माणसांवर कमी आणि वस्तूच्या माहितीवर जास्त भर द्या. प्रत्येक गाण्याची नोंद हातानं नीट करा, गायक कोण, पद कुणाचं, अभंग की वचन की नाट्यगीत, राग माहीत असेल तर राग, रेकॉर्डिंग मैफलीतलं की स्टुडिओतलं. कंटाळवाणं काम आहे पण चार जण बसलात तर होईल, आणि तुमच्याकडचा माल काही लाखांत नाही. त्यातही गायकाला एकच नंबर द्या, कारण तेच नाव देवनागरीत, कन्नड लिपीत आणि इंग्रजी अक्षरांत चार चार पद्धतीनं लिहिलेलं असतं आणि साइट त्यांना चार वेगळी माणसं समजते. आमच्या गावाचंच बघा, कुणी बेळगाव टाइप करणार, कुणी बेळगावी, हिंदीवाला बेलगाम, तिन्हींना एकच उत्तर आलं पाहिजे. सरावाला मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रुपलेन्स गटाचा मूव्हीलेन्सचा डेटा फुकट मिळतो, 1997 पासून ते चालवतायत, कोड तपासायला उत्तम आहे, पण त्यातली आवड तिकडची आहे, त्यावर बसवलेले आकडे उचलून इकडं लावू नका.

एका फोनवर घरातले चार जण असतात हेही लक्षात ठेवा. बहिणीचा मुलगा सुट्टीला आला की आईच्या फोनवर आठवडाभर बडबडगीतं, आणि तो गेल्यावरसुद्धा बडबडगीतं पाठ सोडत नाहीत. 'हे माझ्या आवडीत धरू नका' असं एक बटण द्या, दिसेल असं, सेटिंगच्या आत पुरून नको. प्रत्येक सूचनेखाली ती का आली हेही एका ओळीत लिहा, 'तुम्ही मन्सूर ऐकता म्हणून' एवढं पुरे, म्हणजे चूक कुठं होतेय ते लोकच तुम्हाला सांगतील.

सुधारणा झाली की नाही हे तपासताना डेटा कसाही पिसून अर्धा-अर्धा करू नका. जूनपर्यंतचं ऐकलेलं शिकायला द्या आणि जुलैत त्यांनी खरंच काय ऐकलं त्याच्याशी ताडून बघा, कारण तुमच्या साइटला खऱ्या आयुष्यात पुढचंच ओळखायचंय. आणि सरासरी बघून खूश होऊ नका, दोन भाषा ऐकणाऱ्यांचा आकडा वेगळा काढा, नाहीतर पुण्याचे लोक खूश म्हणून एकूण आकडा छान येईल आणि निपाणीवाल्याची तक्रार त्यात दबून जाईल.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो, लोकांनी काय ऐकलं-बघितलं त्याची यादी नावं काढून का होईना, कुठं उघडी टाकू नका. नेटफ्लिक्सनं 2006 मध्ये आपल्या सूचना सुधारायला 10 लाख डॉलरची स्पर्धा लावली होती, त्यासाठी सुमारे 4,80,000 लोकांची 10 कोटी रेटिंग नावं काढून दिली होती. नारायणन आणि श्मातिकोव्ह ह्या दोन संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिलं की कुणाची आठ रेटिंग आणि त्यांच्या तारखा अंदाजे माहीत असल्या, त्यातली दोन चुकीची असली तरी, त्या डेटातला 99 टक्के वेळा तो माणूस एकटा ओळखता येतो. दुसरी स्पर्धा नेटफ्लिक्सला 2010 मध्ये रद्द करावी लागली. तिथं लाखो लोक होते, तुमच्याकडं तीनशे, आणि खानापूरच्या बाजूच्या एखाद्या छोट्या गावातला मन्सूर आणि मराठी लावणी दोन्ही ऐकणारा माणूस एकच असणार, गावात नाव सांगायचीही गरज पडणार नाही.

आता तारे की अंगठा. अंगठा. त्याच नेटफ्लिक्सनं 2017 मध्ये तारे काढून अंगठा आणला, कारण लोक गंभीर माहितीपटाला पाच तारे द्यायचे आणि रोज बघायचे मात्र हलकंफुलकं. तारे देताना माणूस परीक्षक होतो, अंगठा देताना स्वतःबद्दल सांगतो. 2022 मध्ये त्यांनी 'खूपच आवडलं' म्हणून दोन अंगठे आणले, तेही घ्या. पण खालच्या अंगठ्याचे मात्र दोन भाग करा, 'आत्ता नको' आणि 'कधीच नको'. सकाळी अभंग ऐकणाऱ्या माणसाला रात्री अभंग नको असेल म्हणजे अभंग नावडते झाले असं नाही. आणि 'कधीच नको' दाबलं की लगेच विचारा, हे एवढंच गाणं, की हा गायक, की हा प्रकार, नाहीतर जुन्या अभंगाच्या एका रिमिक्सला नको म्हटलं की तुमची साइट मूळ गायकालाच यादीतून काढून टाकेल, आणि बिचाऱ्या माणसाला कळणारही नाही की त्याचे अभंग कुठं गेले.