मार्चच्या बैठकीत काय मांडू?

वाचकांचे प्रश्न : शाळा, परीक्षा आणि आपली मुलं

प्रश्न : ताई, नमस्कार. मी यंदा आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य म्हणून निवडून आले. माझा मुलगा पाचवीत आहे. त्याला वाचायला फार वेळ लागतो. घ आणि ध, भ आणि म यांत गोंधळ होतो, वेलांट्या सुटतात. पण वडिलांबरोबर डेअरीवर गेला की लिटर आणि दर धरून दहा दिवसांचं दुधाचं बिल तोंडी सांगतो. मागच्या बैठकीत वार्षिक परीक्षेचा विषय निघाला, तेव्हा एक सदस्य म्हणाले, "कच्ची मुलं पेपरच्या दिवशी घरी राहिली तर शाळेचा निकाल बरा दिसेल." कुणीच काही बोललं नाही. मार्चच्या बैठकीत हा विषय पुन्हा येणार आहे. मी काय मांडू? माझं शिक्षण बारावीपर्यंतच झालंय.
— एक आई, जि. सातारा

उत्तर : बारावी पुष्कळ झाली. समितीवर बसायला शिक्षणाची अट नाही, आपलं मूल त्या शाळेत असणं हीच पात्रता. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि निम्म्या जागा महिलांना. वंचित गटातल्या मुलांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्यायच्या असतात, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग मुलं या गटात मोडतात. म्हणजे तुम्ही जे बोलणार आहात ते बोलण्यासाठीच ही समिती आहे.

सगळ्यात आधी हे करा : मुलाला पेपरच्या दिवशी शाळेत पाठवा आणि बाकीच्या आयांनाही तसंच सांगा. निकालासाठी लेकराला घरी बसवणं मला सहनच होत नाही. निवृत्त होईपर्यंत विशेष शिक्षिका म्हणून मी वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत फिरले. परीक्षेच्या दिवशी घरी बसवलेलं मूल पुढच्या आठवड्यातही शाळेत यायला तयार नसतं. 'आपण नसलो तर शाळेला बरं वाटतं' हे त्याला बरोब्बर कळलेलं असतं. आणि निकालाच्या भीतीचं म्हणाल, तर 2019 च्या दुरुस्तीमुळे राज्यानं पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणली हे खरं, पण त्याच दुरुस्तीत म्हटलंय की नापास झालेल्या मुलाला जादा शिकवायचं आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यायची. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत शाळेतून कुणालाही काढता येत नाही.

आता तुमच्या मुलाकडे येऊ. तुम्ही लिहिलेली लक्षणं अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन किंवा गणित अडण्याची, असू शकतात. पत्रावरून निदान करणं बरोबर नाही, पण तपासणी जरूर करून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि अध्ययन अक्षमता त्यातली एक. प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. तुमचा मुलगा पाचवीत, म्हणजे वयात बसतो. आधी गटसाधन केंद्रातल्या, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या केंद्रातल्या, विशेष शिक्षकांना भेटा, मग जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मात्र "आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू" असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. अशी मुलं लवकरात लवकर ओळखणं आणि त्यांना जमेल अशा रीतीनं शिकवणं ही जबाबदारी कलम 16 नं शाळेवरच टाकली आहे.

याच कायद्याचं कलम 17 बैठकीला जाताना कागदावर उतरवून न्या. परीक्षेच्या पद्धतीत योग्य ते बदल करावेत असं त्यात आहे आणि उदाहरणं दिली आहेत : वाढीव वेळ, लेखनिक (मुलानं सांगितलेलं उत्तर लिहून देणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. ही फक्त उदाहरणं आहेत, यादी तिथे संपत नाही. दहावीच्या राज्य मंडळाच्या परीक्षेत दिव्यांग मुलांना तासाला वीस मिनिटं वाढीव मिळतात, तोच हिशोब पाचवीला धरायला काय हरकत आहे?

पण काय मागायचं ते विषयवार ठरवा, इथेच बहुतेक जण गडबड करतात. गणिताच्या पेपरात आपल्याला गणित येतं का ते बघायचंय. तिथे प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवला तर काहीच बिघडत नाही, दुधाचं बिल करणारा मुलगा उदाहरणही सोडवेल. परिसर अभ्यासाचंही तेच. मराठीत मात्र वाचनच तपासायचं असेल, तर उतारा त्याला स्वतः वाचू द्या, फक्त घाई करू नका. तिथेही वाचून दाखवलं तर त्याचं वाचन कुठवर आलंय हे शाळेला कधीच कळणार नाही, आणि नुकसान त्याचंच होईल.

बैठकीत तोंडी बोलून थांबू नका. तोंडी बोललेलं चहाबरोबर संपतं. मुख्याध्यापक समितीचे सचिव असतात, इतिवृत्त त्यांच्याकडे असतं. आधी त्यांना एकटं भेटा, कारण भर बैठकीत कोंडीत पकडलेला माणूस मदत करत नाही. मग बैठकीत ठराव मांडा, असा काहीसा : 'पाचवीच्या वार्षिक परीक्षेस सर्व विद्यार्थी उपस्थित राहतील याची शाळा काळजी घेईल. वाचन-लेखनात अडचण असणाऱ्या विद्यार्थ्यांस तासास वीस मिनिटे वाढीव वेळ, गणित व परिसर अभ्यासात प्रश्न वाचून दाखवणे आणि गरजेनुसार लेखनिक देण्यात यावा. लेखनिक व बैठकव्यवस्था परीक्षेच्या आठ दिवस आधी ठरवावी.' मुलाचं नाव ठरावात घालू नका. ते वहीत कायम राहतं आणि गावात फिरतं. एका आईनं अनुमोदन द्यावं म्हणून आदल्या दिवशी दोघी-तिघींशी बोलून ठेवा. सही करण्याआधी इतिवृत्त वाचून घ्या.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. 2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे आणि पाचवीला निम्मा भार आकारिक मूल्यमापनाचा, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर केलेल्या मूल्यमापनाचा आहे. त्यात तोंडीकाम आहे, प्रात्यक्षिक आहे, उपक्रम, प्रकल्प, अगदी पुस्तक उघडं ठेवून द्यायची चाचणीही आहे. वर्षभराच्या नोंदींत तुमच्या मुलाच्या तोंडीकामाबद्दल काय लिहिलंय ते गुरुजींना विचारा. मुलाची प्रगती पालकांना सांगणं हे शिक्षकांचं कायद्यानं ठरलेलं काम आहे, त्यामुळे विचारताना संकोच नको. ठरावानंतरही कुणाला घरी बसवलं, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो. ती वेळ येणार नाही अशी मला आशा आहे. बहुतेक गुरुजी चांगले असतात, निकालाच्या तक्त्याला घाबरलेले असतात.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या वर्गात दोन मुलांना वाढीव वेळ मिळतो. तिचेही प्रश्न वेळेअभावी लिहायचे राहतात. हा इतरांवर अन्याय नाही का?
— एक वडील, ठाणे

उत्तर : नाही. त्या दोघांना अक्षर कागदावर उतरवायलाच वेळ लागतो. वाढीव मिनिटं त्या अडथळ्यात जातात, त्यातून उत्तर फुकट मिळत नाही. तुमच्या मुलीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचं उत्तर त्या मुलांची मिनिटं कापून मिळणार नाही. वर्गातल्या कितीजणांचे प्रश्न राहिले ते पालकसभेत विचारा. निम्म्या वर्गाचे राहिले असतील तर पेपरच लांब काढलाय आणि तो छोटा करायची मागणी तुम्ही करायला हवी, त्या दोन मुलांच्या आईवडिलांना बरोबर घेऊन. फक्त हिचेच राहत असतील तर कुठे अडते ते पेपर समोर ठेवून तिच्याशी बोला.

प्रश्न : वर्गात पंचेचाळीस मुलं. प्रत्येकाच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या कधी?
— एक शिक्षिका, जि. नांदेड

उत्तर : रोज चौघांच्या लिहा, सगळ्यांच्या एका दिवशी नको. सत्राच्या शेवटी एका बैठकीत लिहिलेल्या नोंदी सगळ्या सारख्याच होतात : 'प्रगती समाधानकारक', 'अभ्यासात लक्ष द्यावे'. त्यातून पुढच्या वर्गशिक्षकाला काय कळणार? 'हातच्याची वजाबाकी काड्या घेऊन जमते, वहीत चुकते' एवढं एक वाक्य लिहा, जूनमध्ये त्या मुलाला कुठून शिकवायला घ्यायचं ते पुढच्या बाईंना लगेच कळेल. दिव्यांग मुलांच्या नोंदी आधी लिहा, शेवटी राहिल्या तर त्या राहूनच जातात. खिशात मावेल अशी छोटी वही ठेवा आणि परिपाठ संपल्यावर आजची चार नावं तिच्या पहिल्या ओळीत लिहून टाका.