कांद्याला शेणखत घालू की युरिया?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यात नोकरी, निफाडकडे वडिलांची दोन एकर काळी जमीन, यंदा उन्हाळ कांदा लावायचाय, तर सेंद्रिय खत घालू की रासायनिक? "एकच काय ते सांगा," असंही तुम्ही लिहिलंय. तिथेच अडतं. माझ्या लेखी शेणखत जमिनीला घालायचं असतं आणि युरिया पिकाला.

आधी हिशेब बघा. कृषी विद्यापीठाची कांद्याला शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन), ५० स्फुरद (फॉस्फरस), ५० पालाश (पोटॅश). म्हणजे एकरी ४०-२०-२०. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे टनाला ५ किलो. ४० किलोला ८ टन झाले, तेही कागदावर. त्यातलं बरंचसं नत्र पहिल्या हंगामात सुटतच नाही, मागाहूनच्या पिकांना मिळतं. आणि कांदा तर चार महिन्यांत शेताबाहेर! तेवढंच नत्र युरियाच्या ४५ किलोच्या दोन गोण्यांत येतं.

मग शेणखत कशाला? कारण युरियाने ढेकूळ फुटत नाही. कांद्याची मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात. तो थर दगडासारखा आवळला तर गोणीतलं खत त्यांच्या काय कामाचं? विद्यापीठाच्या त्याच शिफारशीत शेणखतही असतं, पण ती ओळ कोणी वाचत नाही.

दोन्हीकडून हात पोळून घेतलेत मी. पहिल्या वर्षी स्वस्तात मिळाली म्हणून उकिरड्यावरची ट्रॉली तशीच ओतली. वरून कोरडी, आत हात घातला तर गरम आणि काडी अजून शाबूत. लागणीनंतर पंधरा दिवसांत पात पिवळी. ती काडी कुजवायला जिवाणूंनी जमिनीतलंच नत्र ओढलं होतं. वर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तण. निंदणीला जे पैसे गेले त्यात चांगलं शेणखत आलं असतं.

पुढच्या खेपेला उलटं केलं. लागणीला अडीच महिने झाल्यावर पाण्याबरोबर युरिया सोडला. पात अशी काळीभोर की बांधावरचे लोक थांबून बघायचे. काढणीला मात्र माना (पातीचा बुडखा) जाड, पडायचं नाव नाही, आणि जोड (एकाला एक चिकटलेला) कांदा भरपूर. तसाच साठवणीच्या कांदाचाळीत भरला. जूनअखेर चाळीखाली पाणी ठिपकायला लागलं. तो वास एकदा नाकात बसला की साठ दिवसांनंतर कांद्याला नत्र द्यायला हात धजत नाही.

आता करतो ते असं. शेवटच्या कुळवणीआधी एकरी आठेक टन कुजलेलं शेणखत. लागणीला युरियाची एक गोणी, दुसरी अर्धी-अर्धी करून तीस आणि पंचेचाळीस दिवसांनी. फेकला की लगेच पाणी. आपल्या चुनखडीच्या जमिनीत युरिया वर पडून राहिला तर अमोनिया होऊन उडून जातो. स्फुरदासाठी डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) नको, सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. एकरी अडीच गोण्या लागतात, वाहायला जड, पण त्यात ११ टक्के गंधक फुकट येतं आणि कांद्याला ते हवंच असतं. पालाशला म्युरेट ऑफ पोटॅश ३३ किलो.

"सेंद्रियात चालतं" म्हणून दुकानदार रॉक फॉस्फेट गळ्यात मारेल. ते कोकणातल्या आम्लधर्मी मातीत विरघळतं, आपल्या काळ्या मातीत नुसतं पडून राहतं.

सेंद्रिय म्हणून प्रमाणपत्रासह विकायचा असेल तर गोष्ट वेगळी. मग युरियाला हातच लावायचा नाही, आणि हंगामी पिकांना रूपांतराची दोन वर्षं आधी काढावी लागतात. गिऱ्हाईक पक्कं असेल तरच त्या वाटेला जा.

आणि एवढं शेणखत आणायचं कुठून? आमच्याकडेही जनावरं कमी झालीत. म्हणून मी अर्ध्या रानात हिरवळीच्या खतासाठी जूनला ताग पेरतो आणि फुलोऱ्यात यायच्या बेताला मातीत गाडतो. उशीर केला तर त्याची काडी होते आणि रोटावेटरला गुंडाळते.

माती परीक्षण अजून केलं नसेल तर आधी ते करा. अहवाल आला की सेंद्रिय कर्ब (ऑरगॅनिक कार्बन) आणि सामू (पीएच) हे दोन आकडे इथे टाका, त्यावरून गोण्या कमी-जास्त करता येतील.